मास्तरची आवृत्ती

रविवार, ऑगस्टचा दुसरा. वेळ दुपारची. जागा: वेस्टमीड, आमच्या घरचं जेवणाचं टेबल, दोन्ही बाजू उघडून. हजर: शिल्पा, हर्षद, गुरप्रीत आणि मी. गैरहजर: एक. चहा, चकल्या, संत्र्याच्या फोडी, फासे, पेन्सिली, नकाशा, सगळं जागच्या जागी. सुरुवात वेळेवर झाली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण तो असताना आमची सुरुवात एकदाही वेळेवर झाली नव्हती.

आणि सुरुवात झाल्या झाल्या सगळे गैरहजर माणसाबद्दल बोलायला लागले.

"मास्तर असता तर आत्तापर्यंत आपण कुठल्यातरी म्हातारीची शेळी शोधत असतो," शिल्पा म्हणाली.

"आणि शेळीला आपल्याबरोबर यायचं नसतं," हर्षद म्हणाला.

"अरे यार, वो बकरी!" गुरप्रीत असा हसला की त्याचा चहा नकाशावर सांडला. नकाशा मी लॅमिनेट केलेला होता म्हणून वाचला. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

आम्ही त्याला मास्तर म्हणायचो आणि तरीही अरे-तुरे करायचो. शाळेत त्याने कधी शिकवलं नाही. आयुष्यभर एक्स-रे काढले, आधी पुण्यात, मग इथे सिडनीत. मास्तर हे नाव पडलं ते खेळामुळे. टेबलाभोवती बसून खेळायचा हा खेळ असा, की प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं: कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो बाकीचं सगळं जग होतो. राजा तो, राक्षस तो, पाऊस तो, कुलूप आणि कुत्राही तोच. समोर काय आहे हे तो सांगतो, तुम्ही काय करता हे तुम्ही सांगता, आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. त्या एकाला गेम मास्टर म्हणतात. नियमांचं एक जाडजूड पुस्तक असतं, आणि काही वर्षं गेली की कंपनी त्याची नवी आवृत्ती काढते. खेळाचं नाव तेच, मुखपृष्ठावरचा राक्षस साधारण तोच, आणि आतले नियम असे बदललेले की जुन्या खेळाडूला आपल्याच घरात दिव्याची बटणं शोधत फिरल्यासारखं होतं.

गेम मास्टरची ती जागा मला हवी होती. वर्षानुवर्षं हवी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं.

मी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरांचं वेळापत्रक लावते. कोणता सर्जन, कोणती खोली, किती वाजता, कोणतं सामान. माणसांना वेळेवर एका खोलीत आणणं हे माझं काम आहे आणि मला ते येतं. आमचा ग्रुप इतकी वर्षं टिकला, कारण कोणाची शिफ्ट कधी संपते, कोणाच्या मुलांचा क्रिकेटचा सामना कुठल्या मैदानावर आहे, हे मला पाठ होतं. आणि तरी कोणालाही विचारा, ग्रुप कोणाचा? मास्तरचा.

खेळ त्याच्या हॅरिस पार्कच्या भाड्याच्या फ्लॅटवर व्हायचा. खाली मिठाईचं दुकान. खिडकी उघडली की साजूक तुपाचा वास आत, आणि बंद केली की उकाडा. मास्तर कधी बसायचा नाही. खेळ चालवताना तो इस्त्री करायचा. रविवार हा त्याचा इस्त्रीचा वार. आधी स्वतःचे आठवड्याचे शर्ट, मग बायकोचे कुर्ते, मग उशांचे अभ्रे, आणि खेळ रंगला तर पुसायची फडकीसुद्धा. त्याची बायको म्हणायची, "याच्या राक्षसांमुळे माझी धुणी कधी तुंबत नाहीत." ती खेळायची नाही. आतल्या खोलीत मालिका बघायची आणि मध्येच बाहेर येऊन विचारायची, "मेलं का कोणी?"

इस्त्री फिरती असली की आम्ही गावात, सुखरूप. इस्त्री उभी ठेवली की काहीतरी येणार. वाफेचं बटण दाबलं की पळा. हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आम्हीच शिकलो, घरातली मुलं बापाच्या पावलांवरून त्याचा मूड ओळखतात तसं. एकदा त्याने मध्येच इस्त्री उभी केली आणि आम्ही सगळ्यांनी तलवारी उपसल्या. हर्षदने तर फासे टाकून दारातल्या निरोप्याला भोसकलंसुद्धा.

मास्तरने मान वर केली. "अरे, बटण तुटलंय माझं. सुई शोधत होतो."

"मग निरोप्या?"

"निरोप्या पत्र घेऊन आला होता. आता काय, मेला."

त्या निरोप्याची बायको पुढे कित्येक रविवार आमचा माग काढत राहिली. तिला मुलगी होती, म्हशी होत्या, दीर होता. असली गोष्ट ठरवून जमत नाही. मी ठरवूनच करते सगळं, म्हणून मला ठाऊक आहे.

फासे तो हिंगाच्या डबीत ठेवायचा. का, तर डबीचं झाकण घट्ट बसतं. खेळून घरी गेलं, साबणाने हात धुतले, तरी सोमवारी ट्रेनमध्ये बोटांना वास. माझ्याकडे मखमलीची थैली आहे, प्रत्येकाच्या रंगाचा वेगळा संच आहे. गेल्या महिन्यात शिल्पा तिचा फासा नाकाशी नेऊन म्हणाली, "याला काहीच वास नाही गं," जणू शिळा निघाला.

एकदा मी ठरवलं की हा माणूस नेमकं काय करतो ते टिपून घ्यायचं. दुपारभर तो जे बोलला ते लिहीत गेले. घरी येऊन वाचलं. "मग?" "बरं." "ती काय म्हणाली त्यावर?" "नक्की जाणार आहेस?" "मग?" बस. कोणीतरी गॅलरीतून शेजाऱ्याशी बोलतंय असं वाटावं. यात त्या दुपारी गुरप्रीतच्या डोळ्यांत पाणी का आलं होतं, त्याचा कुठे पत्ता नव्हता. हेवा वाटायलाही काहीतरी हाताला लागावं लागतं. इथे तेही नव्हतं.

आता आवृत्त्यांचं. मास्तरच्या टेबलावर सगळे एकाच आवृत्तीने खेळत नसत. त्याचा नियम असा, की जो ज्या आवृत्तीवर हा खेळ शिकला, त्याला त्याच आवृत्तीचे कायदे. हर्षद पुण्याला हॉस्टेलवर झेरॉक्स काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीवर शिकला, म्हणून तो कायमचा दुसरीत. शिल्पा इथे युनिव्हर्सिटीत तिसरीवर शिकली. गुरप्रीत चौथीवर. मी शेवटी आले आणि पाचवी घेऊन आले. एकाच गुहेत, एकाच राक्षसापुढे, चार माणसं चार कायद्यांखाली उभी. हर्षदचे जीवाचे आकडे शून्यावर आले की तो मेला, विषय संपला. मी शून्यावर आले की नुसती बेशुद्ध. हर्षदचं चिलखत जितकं भक्कम तितका त्याचा आकडा लहान, आणि शिल्पाचं जितकं भक्कम तितका मोठा. चौथ्या आवृत्तीत सगळं चौकटी मोजून चालायचं. मास्तरकडे चौकटींचा पट नव्हता, म्हणून गुरप्रीत स्वयंपाकघरातल्या फरशा मोजायचा. "भाई, मैं फ्रिज तक पहुँच गया, अब मारूँ?"

मी एक दिवस सरळ बोलले. "मास्तर, हे चालणार नाही. सगळ्यांना एका आवृत्तीत आण."

"का?"

"कोणाला किती मिळतंय याची तुलनाच करता येत नाही."

"कोण करतंय तुलना?"

"मी."

"हां," तो बाहीची घडी जुळवत म्हणाला. "तू करणारच."

मग मी तक्ता केला. डावीकडे बाबी: मरण, चिलखत, जादू, विश्रांती, दार उघडणं. वर आवृत्त्या. प्रत्येक चौकटीत एक ओळ. तीन शनिवार गेले त्यात. मास्तरने चष्मा लावून तो पूर्ण वाचला, खरोखर वाचला. "किती सुंदर केलंयस," म्हणाला, आणि फ्रीजवर चुंबकाने लावून टाकला, काउन्सिलच्या कचरागाडीच्या कॅलेंडरशेजारी. लाल झाकणाचा डबा कधी, पिवळ्या झाकणाचा कधी, आणि कोणत्या आवृत्तीत मरण कसं. खेळ पुढे चालू.

"आवृत्ती म्हणजे भाड्याचा फ्लॅट गं," तो म्हणायचा. हे त्याचं आवडतं वाक्य होतं, नव्या माणसाला हमखास ऐकवायचा. "मालक रंग काढतो, ओटा इकडचा तिकडे करतो, भाडं वाढवतो. आपली भांडी आपण घेऊन जायची."

"आणि ओटा इकडचा तिकडे झाला की हात भाजतो, त्याचं काय?"

"दोन दिवस भाजतो."

मला हे पटलेलं नाही. अजूनही नाही. जुन्या आवृत्तीत माणूस दार उघडण्यापूर्वी दाराला कान लावायचा, कारण पलीकडे मरण असायचं. जादूगाराला मांजर चावलं तरी तो जायचा. काठीने जमीन चाचपत, दोरी बांधून, एकमेकांना धरून चालायचे लोक. नव्या आवृत्तीत दाराला लाथ मारतात, कारण पलीकडे फार तर दुखापत, आणि एक झोप काढली की तीही बरी. कान लावणारा आणि लाथ मारणारा ही एकच माणसं कशी? खेळ बदलतो. माणूससुद्धा बदलतो. हे मी मास्तरला अनेकदा सांगितलं, आणि तो दर वेळी, "मुद्दा आहे," म्हणून पुढच्या शर्टाकडे वळायचा. वाद घालत नसे. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग सगळ्यात नवी आवृत्ती आली. मी आगाऊ मागवली, दोनदा वाचली, पानांना रंगीत पट्ट्या लावल्या. रविवारी टेबलावर प्रस्ताव मांडला: सगळ्यांनी एकत्र नवीत जायचं. गुरप्रीत फरशा मोजून कंटाळला होता. हर्षद मरून कंटाळला होता. शिल्पा म्हणाली, "चालेल, नो वरीज." सगळ्यांचे हात वर.

"मी काही वाचणार नाही आता," मास्तर म्हणाला. "डोळे दुखतात. जिने वाचलंय तिने चालवावं." असं म्हणून त्याने शेवटचा शर्ट हँगरला लावला, इस्त्रीचं टेबल मिटलं, आणि खुर्ची ओढून आमच्यात बसला. त्याला बसलेलं आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. बसल्यावर तो बराच लहान दिसला.

इतकं सहज. ज्या जागेकडे मी एवढी वर्षं बघत होते ती त्याने शर्ट टांगावा तशी सोडून दिली. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, निदान थोडी ओढाताण तरी करायची होतीस.

माझ्या पहिल्या खेळाची मी तयारी केली तशी कोणी लग्नाची करत नाही. एक किल्ला होता. त्याचे बुरूज, त्यावरचे धनुर्धर, आत कैदेत राजपुत्र. दारावर एक पहारेकरी: भाला, चिलखत, हल्ल्याचा आकडा. मास्तरने पात्र काय घ्यावं? खेचरवाला. ना तलवार, ना जादू, एक म्हातारं खेचर.

"नव्या पुस्तकात असं पात्रच नाही," मी म्हणाले.

"मग जवळपासचं काय आहे?"

"चोर."

"बरं, कागदावर चोर लिही. पण मी खेचर हाकतो."

किल्ल्याच्या दारात पहारेकऱ्याने भाला रोखला. मी नकाशा उलगडायला घेतला, लढाई सुरू होणार म्हणून. मास्तर पुढे झुकून म्हणाला, "राम राम. जेवण झालं का?"

"तो भाला रोखून उभा आहे," मी म्हणाले.

"रोखू दे. मी विचारतोय, जेवण झालं का त्याचं?"

"नाही झालं," मी म्हणाले, प्रकरण संपवायला.

"बघा!" त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "नाही झालं. का रे बाबा?"

"त्याची पाळी संपली. बदली माणूस आला नाही."

"रोस्टर कोण लावतं यांचं?" हर्षदने विचारलं, आणि सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले. मीही हसले असेन. मग जे सुरू झालं ते थांबेना. बदली माणूस कुठे गेला? त्याची आई आजारी. मग याने किती वेळ उभं राहायचं? शिल्पाने पिशवीतली भाकरी दिली. गुरप्रीतने विचारलं, "भाईसाब, ओवरटाइम मिलता है?" त्या पहारेकऱ्याने शेवटी स्वतःच दार उघडलं. माझे बुरूज, माझे धनुर्धर, नकाशा, सगळं गुंडाळलेलं तसंच राहिलं. दुपार गेली. सगळे खूश. आणि सगळे बघत होते मास्तरकडे.

मग मी धनुर्धरांना खाली उतरवलं. कारण काढलं काहीतरी. आणि सगळे बाण खेचरवाल्यावर सोडले.

पहिल्याच फेरीत तो शून्यावर आला. हर्षदच्या आवृत्तीत इथे फुलं वाहायची. पण नव्या आवृत्तीत पडलेल्या माणसाला जगायच्या संधी असतात. तीनदा फासे बरे पडले तर तो तग धरतो. त्याने फासा टाकला. बरा पडला. पुन्हा टाकला. वाईट. तेवढ्यात शिल्पाने अंगणाच्या पलीकडून एक मंत्र म्हटला आणि तो उठून बसला. मी पुन्हा बाण मारला. पुन्हा पडला. गुरप्रीतने तोंडात औषध ओतलं. पुन्हा उठला.

"पहारेकऱ्याला म्हणतो, तू जा घरी, आई वाट बघत असेल," मास्तर म्हणाला.

"तू परत पडलायस. बेशुद्ध माणूस बोलत नाही."

"मनातल्या मनात म्हणतो."

"मनातलं त्याला ऐकू जाणार नाही."

"त्याला कळेल," शिल्पा म्हणाली. "मला कळलं."

मग त्याने तो वीस बाजूंचा फासा टाकला आणि वीस आले. नियम असा की वीस आले तर माणूस आपणहून उभा राहतो. पुस्तकात त्या पानावर हिरवी पट्टी होती, मीच लावलेली.

"तू मला मारायला बघतेयस," मास्तर म्हणाला. चेहरा वाढदिवसाच्या मुलासारखा.

"मी नियमाने खेळतेय."

"तेच तर! नियम मला मरूच देत नाही! अगं, झकास आहे की ही आवृत्ती. आधी नाही का सांगायचंस?"

"सांगितलं होतं. फ्रीजवर लावलंय."

त्याने खरंच मान वळवून फ्रीजकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा इस्त्रीचं टेबल उघडलेलं होतं. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी मत दिलं नव्हतं. मास्तर उभा होता, इस्त्री तापत होती, आणि सगळे नवी आवृत्ती खेळायला तयार बसले होते. पुस्तक त्याने उघडलंही नव्हतं. काही अडलं की मला विचारायचा, "यात काय होतं गं?" मी पान न बघता सांगायचे. म्हणजे मी झाले त्याची अनुक्रमणिका.

आणि मग त्याने जे केलं ते लिहायला मला आवडत नाही, पण नोंद पूर्ण हवी. नव्या आवृत्तीत कोणी सहजी मरत नाही, हे कळल्याबरोबर त्याने मारणं सोडून दिलं. त्याचे राक्षस वचनं मागायला लागले. एका डाकिणीने हर्षदकडे त्याच्या गावाचं नाव मागितलं. दिलं तर पुन्हा कधी आठवणार नाही. हर्षद, जो दुसऱ्या आवृत्तीत न कचरता मरायचा, तो फासे हातात धरून बसून राहिला. "मार ना त्यापेक्षा," म्हणाला. थोड्याच आठवड्यांत ही माणसं पुन्हा दाराला कान लावायला लागली. मी पुस्तक दोनदा वाचलं होतं. हे त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि तरी निघालं होतं त्याच्यातूनच. माझ्या आणि त्याच्या वादाचा निकाल लागला असावा. पण कोणाच्या बाजूने, हे विचारायला गेले असते तर त्याला वाद चालू होता हेच आठवलं नसतं.

या वर्षीच्या सुरुवातीला त्याच्या मुलीला मुलगा झाला आणि नवरा-बायको वेरिबीला तिच्याजवळ राहायला गेले, मेलबर्नच्या त्या टोकाला. सामान भरताना मी मदतीला होते; खोक्यांवर आकडे आणि आत काय याच्या चिठ्ठ्या मी लावल्या. गाडी निघताना काच खाली करून तो म्हणाला, "आता तूच." मी म्हटलं, "हो, बघते." मनात म्हटलं, उरलेलं मिळालं.

महिन्याभरात ग्रुपवर फोटो यायला लागले. वेरिबीचं गराज. इस्त्रीचं टेबल, त्यावर आता तान्ह्या बाळाची इवलीशी झबली. समोर नागपूरचं एक तरुण जोडपं, शेजारची कोणी नर्स, आणि सगळे त्याच्याकडे तसेच बघतायत. माझ्या टेबलावरची माणसं ते फोटो माझ्याच टेबलावर बसून मोठे करून बघायची. पण मला खरा राग आला तो फोटोच्या कोपऱ्यातल्या बाईचा. पन्नाशीची, केस बांधलेले, हातात क्लिपबोर्ड, आणि घड्याळाकडे बघत होती. त्याने तिकडे जाऊन माझ्या जागीही माणूस भरला होता. रोस्टर न लावता.

तर आजचा खेळ. मी तयार गोष्टीचं एक पुस्तक विकत घेतलंय, तेच चालवते. आज सगळे नदीकाठी पोचले. मी नदीची रुंदी सांगितली, प्रवाह सांगितला, नावाड्याचं भाडं सांगितलं. गुरप्रीत फोन बघत होता. हर्षद चकलीचे तुकडे एका रांगेत लावत होता. शिल्पाने नावेत पाय ठेवला, म्हणजे ठेवला असं सांगितलं, आणि उगाच, काही सुचत नसल्यासारखं विचारलं, "काय हो काका, तुमचं घर कुठल्या काठाला?"

पुस्तकात पाहिलं. नव्हतं. मी मागचं पान पाहिलं.

"तो काय म्हणतो?" हर्षदने विचारलं. त्याचा हात तुकड्यांवरून उठला होता.

"हां, बताओ ना," गुरप्रीत म्हणाला. फोन उलटा ठेवला त्याने. "इस तरफ का है के उस तरफ का? रोज दोनों तरफ जाता है बंदा."

डोक्यात एकदम सगळं आलं. अलीकडे असेल तर रोज निघताना कोणीतरी हाक मारत असेल. पलीकडे असेल तर शेवटची फेरी रिकामीच नेत असेल. नावेतच राहतो म्हणावं, तर ते फार हुशारीचं झालं, हे लोक लगेच माना डोलावतील आणि विसरतील. मी तोंड उघडलं, पण त्यातलं कुठलंच बोलले नाही.

"तो वल्हं थांबवतो," मी म्हणाले. "तुमच्याकडे बघतो."

तेवढ्यात गुरप्रीतची निघायची वेळ झाली, शिल्पाला मुलाला पोहण्याच्या क्लासहून आणायचं होतं. पण उठले नाहीत लगेच. आणि मी कप विसळत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं की तिघं शिल्पाच्या गाडीपाशी उभी आहेत, दार उघडं, इंजिन चालू, आणि वाद घालतायत. "पलीकडचाच आहे तो, त्याच्या बोलण्यावरून कळतं." "तो बोललाच कुठे अजून?" शिल्पाला उशीर होणार होता. मी तिला आठवण करून दिली नाही.

चहाची भांडी पुसून होत नाहीत तो मास्तरचा फोन. मागे बाळ रडत होतं.

"काय गं, नावाड्याचं घर कुठे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"गुरप्रीतने, ट्रेनमधून. कुठे आहे?"

"तू खेळात नाहीस, मास्तर."

"म्हणून तर विचारतोय. अलीकडे असेल." थोडा थांबला. "नाही, थांब. पलीकडे. अगं, सांग ना."

"नाही."

"शिल्पाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, पण ठीक वाटत नव्हतं. हा सूर मला चांगला ओळखता येतो, इतकी वर्षं वापरलाय मी तो. मग बाळाला थोपटत असावा, कारण आवाज खाली आला. "इथे आज कोणी असं काही विचारलं नाही. नुसत्या लाथा घालतायत दारांना."

"त्या क्लिपबोर्डवाल्या बाईला सांग."

"ती? ती बिचारी वेळ सांभाळते. मला कळव हं. आधी मला."

"बघते," म्हणून मी फोन ठेवला.

टेबल मिटलं. फासे मोजून थैलीत. नकाशा पुसला. हर्षदची पुढच्या रविवारी ऑन-कॉल ड्युटी आहे, म्हणून तासभर उशिरा सुरुवात. तिघांना कळवलं, तिघांचे अंगठे आले. नदीची रुंदी पुस्तकात आहे, प्रवाहाचा वेग आहे, नाव उलटली तर कोण किती वेळात बुडेल याचा तक्ताही आहे. नावाड्याचं घर कोणत्या काठाला, ते बाकी.